चंबूतलं तूप

द्रव संवर्धन माध्यमांची कुळकथा पुस्तकांत थोडक्यात उरकते. 1860च्या सुमारास पाश्चरनं साखर, अमोनियम क्षार आणि यीस्टची राख पाण्यात कालवली. पुढे लोफ्लरनं मांसाच्या अर्कात पेप्टोन आणि मीठ घातलं. मग अगार आलं आणि साऱ्यांचं लक्ष घट्ट माध्यमाकडे वळलं. या वंशावळीची एक शाखा मुंबईत आहे, आणि तिच्यात चक्क तूप आहे.

1896च्या ऑक्टोबरात, प्लेगनं हादरलेल्या मुंबईत जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात लशीच्या कामाला लागले. मेलेल्या जंतूंबरोबर जंतूंनी द्रवात सोडलेली विषंही लशीत हवीत, असं हाफकिन यांचं मत होतं. म्हणून ब्रॉथच, म्हणजे द्रव माध्यमच हवं. गोमांस किंवा डुकराच्या जठरातलं पेप्सिन वापरलं तर लोक लस नाकारतील, हे ओळखून त्यांनी बोकडाचं मांस हायड्रोक्लोरिक आम्लानं पचवलं. त्या ब्रॉथवर तुपाचे थेंब सोडले. थेंबांना खालून चिकटून जंतू वाढत आणि झुंबराच्या लोलकांसारखे लोंबत. चंबू हलवला की लोलक तुटून तळाशी बसत, थेंबांखाली नवं पीक धरे. काही आठवड्यांनी ते तापवून मारायचे आणि कार्बॉलिक आम्ल घालायचं, की लस तयार. 10 जानेवारी 1897ला हाफकिननी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली.

ही तुपाची युक्ती आली कुठून? युरोपातून, असं म्हणता येईल; द्रवावर तेल ओतण्याची रीत तिथे होतीच. पण तिथला अखंड थर हवा अडवण्यासाठी असे. इथे सुटे थेंब आहेत, आणि काम नेमकं उलटं: हवेजवळ वाढू पाहणाऱ्या जंतूंना आधार देण्याचं. साधन सारखं दिसतं, विचार वेगळा आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खोबरेल तेलही चालत असे. मग तुपाचं एवढं कौतुक कशाला? मला मात्र यातच मुंबईची खूण दिसते. दोन्ही पदार्थ इथल्या घराघरांतले. त्यातही तूप कढवलेलं, म्हणजे लोण्यातलं पाणी आणि बेरी निघून गेलेलं. उकाड्यात टिकणारं, पुन्हा तापवून निर्जंतुक करता येणारं. हाफकिनना ते इथल्याच स्वयंपाकघरानं सुचवलं, असा माझा ठाम तर्क आहे.

1899मध्ये हाफकिन यांची लशीची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि 1925मध्ये तिला त्यांचं नाव मिळालं. माध्यमांच्या इतिहासात पेप्टोनला जशी ओळ मिळते, तशी मुंबईच्या तुपालाही मिळायला हवी.