दिवेलागणीला चाचपडणारी पोरं

पूर्वी आमच्या गावात माणूस आडनावापेक्षा डोळ्यावरनं जास्त ओळखला जायचा. कुणी काणा, कुणी चकणा, कुणाच्या डोळ्यात फूल पडलेलं. मागं बोलत असं नाही, तोंडावरच हाक मारत आणि तोही ओ देत यायचा. माझ्या लहानपणी पारावर दहा माणसं बसली तर त्यात एखादा तरी असा असायचाच. आज मी माझ्या नातवाच्या वयाची पोरं बघतो तेव्हा बुबुळावर पांढरं फूल असलेलं पोर दिसत नाही. हा बदल कसा झाला याचा इतिहास कुणी लिहीत नाही. लढाया लिहितात, निवडणुका लिहितात. म्हणून मला आठवतं आणि पुढं समजलं ते लिहून ठेवतो.

पहिली मोठी करणी देवीची. देवी येऊन गेल्या की माणूस जगला तरी तोंडावर वण राहायचे आणि कित्येकांचा डोळा जायचा. आमच्या वाड्यातली एक म्हातारी अशीच दोन्ही डोळ्यांनी गेलेली होती. सहा-सात वर्षांची असताना देवी आल्या, त्यानंतर तिनं सत्तर वर्षं जात्याच्या आवाजावर आणि माणसांच्या पायरवावर काढली. पुढं टोचणारी माणसं गावोगाव फिरली. माझ्या दंडावर त्या टोचणीचा रुपयाएवढा वण अजून आहे. 1977 साली भारत देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं आणि 1980 मध्ये सगळं जग. देवीनं जाणारा डोळा तिथं थांबला.

पण आमच्या मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या माळावर डोळा खाणारी दुसरी गोष्ट होती, ती म्हणजे दुष्काळ. मंगळवेढ्याची ज्वारी आणि दामाजीपंतांचं कोठार सगळ्यांना माहीत आहे, पण ती ज्वारी काळ्या रानाची. आमच्याकडं मुरमाड.

1972 साली मी बारा वर्षांचा. आधीची दोन वर्षंही धड गेली नव्हती आणि त्या साली पावसानं पाठच फिरवली. मोठी माणसं खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर. खायला लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी. त्या सुकडीला आणि मिलोला मी नावं ठेवणार नाही, त्यावर आम्ही जगलो. पण रानात हिरवं पान नव्हतं. म्हशी विकल्या किंवा मेल्या, दूध-तूप गेलं. पोटाला भाकरी होती, पण भाकरीबरोबर खायला काही नव्हतं.

त्या उन्हाळ्यात माझा चुलत भाऊ चार वर्षांचा होता. दिवसभर हुंदडणारं पोरगं. पण गुरं परत यायच्या वेळेला ते भिंतीला टेकून गप बसायला लागलं. खायला ये म्हटलं की हात पुढं करून चाचपडत यायचं, उंबऱ्याला ठेचाळायचं. चुलतीला वाटलं दिवसभर खेळून दमतंय. आजीनं दोन-तीन दिवस नुसतं बघितलं आणि मग म्हणाली, ‘‘आगं, दमलं न्हाय ते. त्याला दिवं लागल्यावर दिसंना झालंय. रातांधळं हाय पोरगं.’’

आजीला अक्षरओळख नव्हती. पण तिला औषध माहीत होतं: बोकडाची कलेजी, नाहीतर शेवग्याचा पाला. कलेजी दुष्काळात कुठनं आणायची? परड्यात विहिरीच्या पाटाजवळ शेवग्याचं एक झाड तग धरून होतं. त्याचा पाला ओरबाडून ती रोज थोड्या तेलात परतायची आणि त्या पोराला कालवून घालायची. वीसेक दिवसांत पोरगं संध्याकाळी परत गल्लीत पळायला लागलं. आज तो छप्पन वर्षांचा आहे आणि रात्री मोटारसायकल चालवतो, ती जरा जास्तच जोरात.

कलेजीचा हा उपाय फार जुना. सुश्रुतसंहितेतही रातांधळेपणावर बकऱ्याचं यकृत सांगितलेलं आहे. कारण मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. अमेरिकेत 1913 च्या सुमारास मॅकॉलम आणि डेव्हिस यांनी लोण्यात आणि अंड्याच्या बलकात असलेला एक घटक शोधला, तेच पुढं अ जीवनसत्त्व ठरलं. यकृत हे त्याचं पेव. आमच्याकडं ज्वारी पेवात भरून ठेवत आणि वाईट वर्षी काढत, तसं शरीर चांगल्या दिवसांत हे सत्त्व साठवतं आणि नसेल तेव्हा त्यातलं काढून वापरतं. मोठ्या माणसाचं पेव मोठं, पोराचं लहान. म्हणून घरात एकच भाकरी सगळे खात असले तरी आधी डोळा जातो तो पोराचा. आणि पाला तेलात परतायचा हे आजीचं बरोबर होतं, कारण हे सत्त्व तेला-तुपाबरोबरच अंगी लागतं.

गुरांचंही तसंच. त्या साली आमच्या गाईला झालेलं वासरू आंधळं निघालं. लोक म्हणाले ग्रहणात कापलं-चिरलं असेल. पुढं कित्येक वर्षांनी जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की गाभण गाईला महिनोन्‌महिने हिरवा चारा नसला की असं होतं. वाळल्या, उन्हात पांढऱ्या पडलेल्या कडब्यात ते सत्त्व उरत नाही. तेव्हापासून मी उन्हाळ्यात दोन गुंठे तरी मका नाहीतर घास ठेवतोच.

चुलत भाऊ वाचला, पण आमच्या शेजारची पोरगी वाचली नाही. म्हणजे जिवानं वाचली. तीही तेवढीच, पाचीच्या आत. तिला आधी संध्याकाळी दिसेनासं झालं होतं की नाही हे कुणी पाहिलंच नाही, कारण आई-बाप दोघं कामावर आणि घरात म्हातारं माणूस नाही. त्यात गोवर आला. गोवर म्हणजे देवीचं काम, म्हणून पथ्य. दाराला लिंबाचा डहाळा, घरात फोडणी नाही, पालेभाजी नाही, दवाखाना तर नाहीच. आठ-दहा दिवस पोर डोळे मिटून पडून राहिली. अंगावरचा गोवर ओसरला आणि डोळे उघडले तेव्हा एक बुबुळ पांढरं झालेलं होतं, दुसऱ्यावर अर्धं फूल.

असं का होतं ते आता कळतं. गोवर आलं की पोराच्या अंगातलं उरलंसुरलं अ जीवनसत्त्व झपाट्यानं संपतं. पेव आधीच रिकामं असलं तर बुबुळ कोरडं पडतं, मऊ होतं आणि दोन-चार दिवसांत विरघळल्यासारखं होतं. नेमक्या त्याच दिवसांत आम्ही पोराचं तेल आणि पाला बंद करत होतो. मी देवाधर्माला हसणारा माणूस नाही, पण हे पथ्य फार महाग पडलं.

ती शाळेत गेली नाही. तिच्या पाठच्या भावाला चारदा दाखवून, दिवस उजाडल्यावर, उजेडात बसवून तिचं लग्न कसंबसं जमवलं. ती खुरपायला येते तेव्हा तण आणि पीक बोटांनी ओळखते. दुसऱ्यांपेक्षा एखादी पात मागं असते, पण तिच्या सरीत तण राहिलेलं मी बघितलं नाही.

यातली माझ्या मनाला लागलेली गोष्ट अशी. लहान पोरांना दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस तोंडानं द्यायचा, हा सरकारी कार्यक्रम 1970 सालीच सुरू झाला होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं तो उपाय तपासून दिला होता. म्हणजे बाटली होती, चमचा होता, पण आमच्या माळापर्यंत यायला तिला बरीच वर्षं लागली. गोवराची लस सरकारी लसीकरणात आली 1985 साली. दोन्ही उपाय आज अंगणवाडीत आणि उपकेंद्रात फुकट मिळतात. नऊ महिन्यांला गोवराच्या लशीबरोबर एक मिली, म्हणजे एक लाख युनिट, मग दर सहा महिन्यांनी दोन मिली, पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ डोस. पहिला डोस सगळे घेतात, कारण लस असते. पुढच्या डोसांना आया येत नाहीत. ‘‘पोरगं चांगलं हाय की, कशाला?’’ असं म्हणतात. आमच्या अंगणवाडीताई घरोघर फिरतात, त्यांना मी उगाच चहाला थांबवून घेत नाही.

आणि हे नुसतं डोळ्यापुरतं नाही. आल्फ्रेड सोमर नावाच्या अमेरिकन डॉक्टरानं इंडोनेशियात हजारो पोरं तपासली. त्याला 1983 मध्ये दिसलं की ज्या पोरांना नुसतं रातांधळं झालंय किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा डाग आलाय, ती इतर पोरांपेक्षा कितीतरी जास्त मरतात, जुलाबानं, छातीच्या रोगानं. तो फेसाळ डाग फ्रान्समधल्या बितो या डॉक्टरानं 1863 सालीच लिहून ठेवला होता. म्हणजे दिवेलागणीला चाचपडणारं पोर नुसतं डोळ्याचं सांगत नव्हतं.

आता काजळाबद्दल. सकाळी अंघोळ झाली की आजी एकाच बोटानं सहा पोरांच्या डोळ्यांत काजळ ओढायची. एकाचे डोळे आले की सहाही पोरांचे यायचे. खुपऱ्या पसरायच्या त्या अशाच, बोटानं, पदरानं, माश्यांनी. पापणी आतून खरबरीत होते, केस आत वळतात आणि वर्षानुवर्षं बुबुळ घासत राहतात. पंजाब-राजस्थानात याचा फार जोर होता. त्याविरुद्ध 1963 पासून मोहीम चालली आणि 2024 साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातून ही अडचण गेल्याचं मान्य केलं. साठ वर्षं लागली. मलम तर होतंच, पण मला वाटतं नळाच्या पाण्यानं आणि तोंड धुण्यानंही निम्मं काम केलं.

इजांनी गेलेले डोळे वेगळे. गलोल, विटी, बाभळीचा काटा, दिवाळीचा फटाका. लुई ब्रेल हा फ्रेंच पोरगा तीन वर्षांचा असताना बापाच्या कातड्याच्या दुकानात आरीशी खेळत होता. ती डोळ्यात घुसली, 1812 साली. त्या डोळ्याचं दुखणं दुसऱ्या डोळ्यात उतरलं आणि पाचव्या वर्षापर्यंत तो पूर्ण आंधळा झाला. त्याच पोरानं पुढं ठिपक्यांची लिपी केली. आमच्याकडची आरी म्हणजे तंबाखूच्या चुन्याची पुडी. पोरगं ती दाबतं आणि चुना सरळ डोळ्यात उडतो. तसं झालं तर डॉक्टरकडं पळायच्याही आधी, तिथल्या तिथं, भरपूर पाण्यानं डोळा धुवायचा, वीस मिनिटं तरी. मग पळायचं. तूप, मध, अंगावरचं दूध, काही घालायचं नाही.

राहिलं चकण्याचं. तिरळं पोर नशीबवान असतं असं आमच्याकडं म्हणतात. कुणाचं नशीब उघडलेलं मी बघितलं नाही. आमच्या भावकीतल्या सहा वर्षांच्या नातीचा एक डोळा किंचित आत होता. शाळेत तपासणीचं पथक आलं, त्यांनी चिठ्ठी दिली. ही तपासणी 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली. शाळेत वर्षातनं एकदा, अंगणवाडीत दोनदा. जिल्ह्याला नेल्यावर डॉक्टरांनी चष्मा दिला आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितली. तिची आजी संतापली. ‘‘आवं, चांगल्या डोळ्याला कशाला बांधून घालताय?’’

डॉक्टर म्हणाले, ‘‘मावशी, दोन बैलांतला एकच ओढायला लागला की दुसरा अंगचोर होतो. ओढणाऱ्याला थोडा वेळ सोडून द्यायचा, मग दुसरा शिकतो.’’

माणूस शेतकऱ्याच्या घरातला असावा. हे नुसतं बोलायचं उदाहरण नाही. ह्युबेल आणि वीझल या दोघांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे झाकून ठेवला आणि दाखवलं की त्या कोवळ्या दिवसांत मेंदूनं डोळा वापरला नाही, तर पुढं डोळा उघडला तरी त्याला दिसत नाही. त्यांना 1981 मध्ये नोबेल मिळालं. माणसाच्या पोराला सात-आठ वर्षांपर्यंत चांगली संधी असते, पुढं ती झपाट्यानं आटते. पेरणीची वाफ गेल्यावर कितीही भारी बी टाकलं तरी उगवत नाही, त्यातलाच हा प्रकार.

सहा महिने रोज चार तास पट्टी. पोरगी रडायची, काढून फेकायची. शेवटी आजीच तिच्याशेजारी बसून एका डोळ्यानं शेंगा निवडायला लावायची, स्वतःच्या डोळ्यावरही पदर ओढून. आता ती चौथीत आहे. बाईंनी तिला मागच्या बाकावर बसवलंय, कारण तिला तिथनं फळ्यावरचं वाचता येतं.