नवतप्यातले अठरा तास

चंद्रपूर, मे महिन्याची अखेर, म्हणजे नवतप्याचे, कडक उन्हाचे नऊ दिवस. ही कोणा एका आजींची हकीकत नाही. आजारी म्हातारं माणूस असलेल्या घरांतून उन्हाळ्यात जे घडतं ते एका दिवसात मांडलंय. आजी पंचाहत्तरीच्या. जन्म चुलीच्या धुरात गेला, त्यातून सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद करणारा जुनाट आजार. घरच्यांच्या भाषेत ‘जुना दमा’.

पहाटे ४. उरले १८ तास.
स्लॅब अजून धगधगतोय. झोप नाही. रात्रीच्या गारव्यात शरीराला मिळायची ती उसंतही नाही.

सकाळी ८. उरले १४.
चहाबरोबर गोळ्या. पायावरच्या सुजेसाठी लघवीची गोळीही त्यात आहे. मात्रा हिवाळ्यात ठरलेली. उन्हाळ्यात ती बदलायची का, हे डॉक्टरांना विचारायचं कुणाला सुचलं नाही. संडास अंगणापलीकडे. तेवढं चालताना धाप लागते, म्हणून आजी पाणीच कमी पितात.
“आई, घोटभर तरी घ्या नं.”
“घेईन वो.”
तांब्या तसाच. म्हातारपणी तहानही नीट लागत नाही. माझ्या मते अनर्थाची सुरुवात उन्हात नाही, या तांब्यापाशी होते.

दुपारी १. उरले ९.
बाहेर ४६ अंश. उष्णता टाकायला शरीर रक्त कातडीकडे वळवतं, हृदय जोरात धावतं, श्वासही वाढतो. निरोगी माणसाला हे झेपतं. आजींच्या अरुंद श्वासनळ्यांतून हवा बाहेर पडायलाच वेळ लागतो. श्वास घाईचा झाला की जुनी हवा आत अडकते, नवीला जागा उरत नाही. पाण्याअभावी कफ चिकट, खोकून निघत नाही. कूलर चालू आहे, पण आजारी माणसाला वारा नको म्हणून खिडक्या बंद. खोली दमट झाली, घाम वाळेना. (कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते, हे विदर्भात पोरासोरांनाही ठाऊक. आजारपण आलं की सगळे विसरतात.)

साडेतीन.
लाइन गेली. कूलर बंद, औषधाची वाफ देणारं मशीन बंद. दम्याचा पंप आहे, पण एवढ्या धापेत तो ओढून श्वास रोखणं जमत नाही. पंपाला जोडायची नळी, स्पेसर, कधीची माळ्यावर.

सायंकाळी ६. उरले ४.
ऊन उतरलं, घर निर्धास्त झालं. आजी गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकून बसल्यात. एका दमात वाक्य पुरं होत नाही. आज कुठला वार, तेही चुकीचं सांगतात; डोळ्यांवर गुंगी. “उन्हानं थकल्या, झोपू द्या.” ती गुंगी थकव्याची नव्हती. १०८ ला फोन करायची वेळ हीच होती.

साडेआठ.
ओठ निळसर. आता फोन. रुग्णवाहिकेत ऑक्सिजन बेतानं, रक्तातली पातळी ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान राहील इतकाच. या आजारात जास्तीच्या ऑक्सिजननं रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो.

रात्री १०.
आजी गेल्या. कागदावर मृत्यूचं कारण: सीओपीडी, श्वसन निकामी. ते खोटं नाही. अंगाचा ताप मात्र कुणी मोजला नव्हता, त्यामुळे उष्माघाताच्या यादीत नाव जाणार नाही. असे मृत्यू दिसतात ते एकूण आकडे ताडून पाहिल्यावरच. अहमदाबादेत उष्णतेची लाट आलेल्या मे २०१० मधले मृत्यू आधीच्या-नंतरच्या वर्षांच्या मे महिन्याशी ताडले, तेव्हा ते १,३४४ नी जास्त निघाले.