धनुर्वात आणि ‘थांब’ सांगणारा निरोप

बारामती-इंदापूरकडच्या शेतकऱ्याला धनुर्वात म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. पायात खिळा घुसला किंवा ऊसतोडणीत कोयता लागला, की दवाखान्यात आधी ‘धनुर्वाताचे इंजेक्शन’ मागितले जाते. शेतातल्या मातीत आणि जनावरांच्या शेणात या रोगाच्या जिवाणूंचे बीजाणू वर्षानुवर्षे तग धरतात. मात्र याच रोगाने मेरुरज्जूचे एक गुपित उलगडायला मदत केली, ही गोष्ट वर्गात क्वचितच सांगितली जाते. ती आपण पाहू.

सुश्रुतसंहितेत या विकाराला ‘धनुःस्तंभ’ म्हटले आहे. रोग्याचे शरीर धनुष्यासारखे ताणले जाते म्हणून हे नाव. १८८४ साली जर्मनीत निकोलायर यांनी प्राण्यांना माती टोचून हा रोग निर्माण करून दाखवला. १८८९ मध्ये कितासातो यांनी त्याचा जिवाणू शुद्ध स्वरूपात वाढवला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी व बेरिंग यांनी प्रतिविष शोधले. तरी एक कोडे उरलेच. जिवाणू जखमेतच राहतात, मग सारे शरीर का ताठते?

उत्तरासाठी हात कोपरात वाकवून पाहू. दंडाचा पुढचा स्नायू आखडतो, त्याच वेळी मागचा सैल पडतो. दोन्ही स्नायूंना हुकूम देणाऱ्या प्रेरक चेतापेशी मेरुरज्जूत असतात. एका गटाला ‘चल’ असा निरोप जाताना दुसऱ्याला ‘थांब’ असा निरोप जातो, हे इंग्लंडमध्ये शेरिंग्टन यांनी प्रयोगांनी दाखवले. धनुर्वाताचे विष दिले, की जो स्नायू सैल पडायला हवा तोच आखडतो, हेही त्यांना आढळले. काजऱ्याच्या बियांत असणाऱ्या आणि १८१८ साली वेगळ्या काढलेल्या स्ट्रिक्नीन या विषानेही तेच घडत होते.

‘थांब’ हा निरोप पोहोचतो कसा? शेरिंग्टन यांचे शिष्य एकल्स यांचे मत होते, की तो विजेने पोहोचतो. १९५१ साली न्यूझीलंडमधील डुनेडिन येथे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी काचेची अतिसूक्ष्म नळी मांजराच्या प्रेरक चेतापेशीत घालून विद्युतदाब मोजला. ‘थांब’ निरोप आला, की पेशीचा आतला भाग अधिक ऋण होत होता. त्यांच्या सिद्धांतानुसार नेमके उलट घडायला हवे होते. एकल्स यांनी आपला सिद्धांत सोडला आणि निरोप्या रासायनिक आहे हे मान्य केले. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावा असा हा प्रसंग आहे, असे आम्हांला वाटते.

हा निरोप्या कोण, हे १९६० च्या दशकात अमेरिकेत ॲप्रिसन आणि वेर्मन यांच्या कामातून पुढे आले. मेरुरज्जूतील ‘थांब’चा एक मुख्य निरोप्या म्हणजे ग्लायसीन, सर्वांत साधे अमिनो आम्ल. ते प्रेरक पेशीवरच्या ग्राहकाला चिकटते, क्लोराइड आयन आत शिरतात आणि पेशी शांत होते.

आता दोन्ही विषांतला फरक कळतो. स्ट्रिक्नीन ग्राहकच अडवते. पत्र येते, पण पेटीचे तोंड बंद असते. धनुर्वाताचे विष चेतातंतूंतून मेरुरज्जूपर्यंत चढते, प्रेरक पेशी ओलांडून ‘थांब’ सांगणाऱ्या पेशीत शिरते आणि ग्लायसीन बाहेर सोडायला लागणारे एक प्रथिन कापते. पत्र टपालात पडतच नाही. हे कापणे १९९२ साली इटलीतील पादुआ येथील संशोधकांनी दाखवले. लगाम सुटलेल्या प्रेरक पेशी मग सगळ्याच स्नायूंना एकदम आखडायला लावतात. पाठ ताठ करणारे स्नायू अधिक बळकट, म्हणून शरीराची कमान होते.

यातून व्यवहाराच्या दोन गोष्टी निघतात. चेतापेशीत शिरलेल्या विषाला प्रतिविष गाठू शकत नाही, म्हणून लस आधीच घेतलेली हवी. आणि हा आजार होऊन गेला तरी प्रतिकारशक्ती येत नाही, कारण शरीराला ओळख पटण्याइतके विष होण्यापूर्वीच माणूस दगावू शकतो.

२०१५ मध्ये भारतातून नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. याचा अर्थ रोग दुर्मीळ झाला, संपला नाही. मातीतले बीजाणू तिथेच आहेत. शेजाऱ्याने लस घेतल्याने आपले रक्षण होत नाही, कारण हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही. वयाच्या १० व्या आणि १६ व्या वर्षी दिली जाणारी टीडी लस आपल्या वर्गातल्या प्रत्येकाने घेतली आहे का, हे शिक्षकांनी एकदा तपासून पाहावे.