अंदाजपत्रकातला एक नवा रकाना

इमारतीचे अंदाजपत्रक ज्याला करता येते, त्याला कार्बनचा हिशेब निम्मा येतोच. खोदाई किती घनमीटर, पीसीसी किती, आरसीसी किती, सळई किती टन, विटा किती हजार, एवढे कागदावर उतरले की त्यापुढे दराचा रकाना असतो आणि त्याच्यापुढे रकमेचा. कार्बनच्या हिशेबात दराच्या जागी उत्सर्जन-गुणांक येतो, म्हणजे त्या मालाच्या एका एककापायी हवेत किती किलो कार्बन डायऑक्साइड गेला तो आकडा. गुणाकार तोच. म्हणून हा विषय सार्वजनिक बांधकाम विभागातल्या कनिष्ठ अभियंत्याचा, बिल्डरच्या कार्यालयात बिले तपासणाऱ्याचा, आरसीसी सल्लागाराचा आणि छोट्या ठेकेदाराचा आहे, असे मी मानतो. तो हवामानतज्ज्ञांचा आणि परिषदांना जाणाऱ्यांचा समजला गेला, आणि ज्यांच्या हातात सगळी मोजमापे आहेत ते लोक बाहेरच राहिले. हे पुस्तक त्यांच्यासाठी आहे.

विषयाचा आवाका मोठा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालांनुसार जगातल्या ऊर्जा आणि उद्योगप्रक्रियांतून होणाऱ्या कार्बन उत्सर्जनापैकी एक तृतीयांशाहून अधिक वाटा इमारती आणि त्यांच्या बांधकामाचा आहे. त्याचे दोन भाग पडतात. इमारत उभी राहिल्यावर दिवे, पंखे, एसी, लिफ्ट, पंप यांच्यामुळे वर्षानुवर्षे होणारे उत्सर्जन हा एक. दुसरा म्हणजे सिमेंट, पोलाद, वीट, काच, ॲल्युमिनियम तयार करताना, ते साइटवर आणताना, बांधताना आणि शेवटी पाडताना होणारे उत्सर्जन. पहिल्याला वापरातला कार्बन म्हणतात, दुसऱ्याला अंगभूत कार्बन. पूल, रस्ता, धरण, कालवा यांना विजेचे बिल जवळजवळ नसते, त्यामुळे त्यांच्या हिशेबात अंगभूत कार्बनचेच पारडे जड असते. रस्त्यावर पुढे धावणाऱ्या वाहनांचे काय, हा वेगळा आणि अवघड प्रश्न आहे. त्याला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

सुरुवात सिमेंटपासून करावी, कारण तिथले गणित सर्वांत उघड आहे. चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर, आवारपूरच्या बाजूला गेलात तर चुनखडीच्या खाणी आणि त्यांना लागून उभे असलेले सिमेंटचे कारखाने दिसतात. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड वायू होऊन निघून जातो. भट्टी कोळशावर चालवा, कचऱ्यावर चालवा की उद्या सौरविजेवर चालवा, हे ४४ किलो चुकत नाहीत. ते दगडातूनच येतात. सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भट्टीत क्लिंकर तयार होतो, त्या उष्णतेसाठी जाळलेल्या इंधनाचे उत्सर्जन वेगळे. ढोबळमानाने सिमेंटच्या एकूण उत्सर्जनातला ६० टक्के भाग दगडाचा आणि उरलेला मुख्यतः इंधनाचा. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के धरला जातो, आणि सिमेंट उत्पादनात चीनच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो.

आता हे ५० किलोच्या गोणीवर आणू. साध्या ओपीसीच्या एका टनामागे ८०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे गोणीमागे ४० ते ४५ किलो. गोणीच्या वजनाइतकाच वायू, असे लक्षात ठेवले तरी फार चुकणार नाही. पीपीसीत औष्णिक वीजकेंद्राची राख मिसळलेली असते. भारतीय मानक १४८९ प्रमाणे ती १५ ते ३५ टक्के चालते. ३० टक्के राखेच्या गोणीमागचा आकडा ३० किलोच्या आसपास उतरतो. घनमीटरमागे ३४० किलो सिमेंट पडणारे काँक्रीट घेतले, तर ओपीसीत सिमेंटचाच कार्बन २९० किलोच्या घरात जातो आणि पीपीसीत २०० ते २१० किलोवर येतो. खडी, वाळू, मिक्सरचे डिझेल यांची भर त्या मानाने किरकोळ असते.

मग सगळीकडे पीपीसीच का नाही? घरबांधणीत ते भरपूर वापरले जाते. अडचण येते ती स्लॅबच्या वेळी. राखेच्या सिमेंटची ताकद सावकाश वाढते. २८ दिवसांची चाचणी ते पास होते, पुढे आणखी मजबूतही होते, पण पहिल्या आठवड्यात मागे असते. सेंट्रिंगच्या प्लेटा आणि टेकू भाड्याचे असतात, वरचा स्लॅब भरायचा असतो, ठेकेदाराच्या डोक्यावर तारखा असतात. तो म्हणतो, ‘ओपीसी द्या साहेब, प्लेटा लवकर निघतील.’ आणि त्याचे म्हणणे त्याच्या जागी बरोबर असते. कार्बन कमी करायचा तर सेंट्रिंगचे भाडे आणि कामाचे वेळापत्रक यांच्याकडेही पाहावे लागते, हे पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. शिवाय राखेच्या सिमेंटला पाणी मारण्यात हयगय चालत नाही. दहा दिवस म्हणून चार दिवसांत पाणी थांबवले तर जे मिळवले ते पृष्ठभागावर गमावले.

राखही कायमची पुरणारी नाही. कोळशाची वीज कमी होत जाईल तशी राखही कमी होईल. राखेसारखीच सिमेंटमध्ये मिसळली जाणारी झोतभट्टीची मळीही अशीच मर्यादित आहे. म्हणून गेल्या काही वर्षांत भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी एकत्र वापरणाऱ्या एलसी-३ सिमेंटकडे लक्ष गेले आहे. स्वित्झर्लंडमधील लोझानच्या संस्थेत कॅरन स्क्रिव्हनर यांच्या गटाने, क्यूबातील संशोधकांनी आणि आपल्याकडे दिल्ली व मद्रासच्या आयआयटींनी मिळून ते पुढे आणले. त्याच्या प्रचलित मिश्रणात क्लिंकर जेमतेम निम्मा असतो. चिकणमाती क्लिंकरच्या निम्म्या तापमानाला भाजते आणि तिच्यातून निघते ती वाफ. भारतीय मानक ब्यूरोने या सिमेंटचे मानक २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. मानक आले म्हणजे निविदेत लिहिता येते, आणि सरकारी कामात निविदेत लिहिल्याशिवाय काही होत नाही.

पोलादाचे चित्र वेगळे आहे. लोहखनिजापासून झोतभट्टीत केलेल्या पोलादाच्या टनामागे दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड जातो. जालन्याची सळई प्रामुख्याने विजेच्या इंडक्शन भट्टीत तयार होते. तिचा आकडा भंगार किती, कोळशावर केलेले स्पंज आयर्न किती आणि वीज कुठून आली यावर ठरतो. म्हणजे एकाच व्यासाच्या, एकाच ग्रेडच्या दोन सळयांचे कार्बन निरनिराळे असू शकतात, आणि ते टेस्ट सर्टिफिकेटवर कुठेही दिसत नाही. केंद्रीय पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची प्रतवारी जाहीर केली. टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तरच पोलाद ‘हरित’. ही मर्यादा सैल आहे असे माझे मत आहे, पण सळई विकत घेणाऱ्याला प्रश्न विचारण्याचे एक साधन मिळाले, हे खरे.

इथपर्यंत आपण माल बदलण्याविषयी बोललो. मोठी बचत मात्र माल न वापरण्यात आहे, आणि या क्षेत्राचा गाभा मी तोच मानतो. ब्रिटनच्या अर्थखात्याने २०१३ मध्ये पायाभूत सुविधांतील कार्बनचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात प्रश्नांचा क्रम ठरवून दिला होता: बांधायलाच हवे का, कमी बांधून भागेल का, हुशारीने बांधता येईल का, आणि मग काटकसरीने कसे बांधायचे. त्याच्या मागोमाग २०१६ मध्ये पीएएस २०८० हे कार्बन व्यवस्थापनाचे मानक आले. २०२३ च्या आवृत्तीत पायाभूत सुविधांबरोबर इमारतीही त्याखाली आल्या. मालक, संकल्पक, ठेकेदार आणि माल पुरवणारा या चौघांच्या जबाबदाऱ्या त्यात वेगवेगळ्या लिहिल्या आहेत. सर्वांत जास्त वाव मालकाला असतो आणि तोही अगदी आरंभी, जेव्हा कागदावर एक रेघही ओढलेली नसते. नकाशे मंजूर झाल्यावर ‘कार्बन कन्सल्टंट’ नेमणे म्हणजे वरातीमागून घोडे.

या क्रमातला ‘हुशारीने’ हा शब्द समजून घ्यायला विलायतेला जायची गरज नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी खडकवासल्याच्या सांडव्यावर १९०३ मध्ये स्वयंचलित दरवाजे बसवले. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला, आणि पूर आला की दरवाजे आपोआप उघडत. कार्बन हा शब्दही त्या काळी कुणाच्या मनात नव्हता. त्यांनी वाचवली ती दगडचुन्याची उंची आणि पैसा. पण आजच्या संकल्पकाने गिरवावा असा धडा हाच आहे.

त्याच्या उलट आपली रोजची सवय पाहा. ‘सेफ साइडला’ स्लॅब थोडा जाड, दोन सळ्या जास्त, सगळे कॉलम एकाच मापाचे. केंब्रिजच्या मॉयनिहान आणि ऑलवूड यांनी ब्रिटनमधल्या २३ इमारतींतल्या दहा हजारांहून अधिक पोलादी तुळया तपासल्या. सरासरीने तुळईच्या क्षमतेचा निम्माही वापर होत नव्हता. त्यात चूक कुणाची नव्हती. सगळ्या तुळया एकाच मापाच्या घेतल्या की संकल्पकाचा वेळ वाचतो आणि साइटवर गोंधळ होत नाही. आपल्याकडे १०० चौरस मीटरचा स्लॅब १५० मिलिमीटरऐवजी १२५ मिलिमीटरचा पुरत असेल आणि कुणी तो तपासून पाहिला, तर अडीच घनमीटर काँक्रीट वाचते, म्हणजे ओपीसीच्या हिशेबाने साधारण ७५० किलो कार्बन डायऑक्साइड. आपल्या ग्रिडवरच्या एका युनिट विजेमागे सुमारे ०.७ किलो उत्सर्जन धरले, तर हे हजार युनिटांहून अधिक विजेइतके झाले. त्या स्लॅबखाली राहायला आलेल्या कुटुंबाने पुढे पाच स्टार एसी घेतला की नाही याची चर्चा सोसायटीत होईल, स्लॅबची होणार नाही. (आयएस ४५६ ची वाकणुकीची मर्यादा आणि गळतीची भीती ही जाड स्लॅबची खरी कारणे असू शकतात. ती नाकारायची नाहीत, तपासायची.)

‘बांधायलाच हवे का’ हा प्रश्न मुंबई-पुण्यात पुनर्विकासाच्या रूपाने समोर येतो. तीस-चाळीस वर्षांची इमारत पाडायची की नाही, हे आज एफएसआय आणि मिळणारे वाढीव चौरस फूट ठरवतात. गळती, लिफ्ट नसणे, पार्किंग, भूकंपाची भीती ही सगळी कारणे खरी आहेत. पण पाया आणि सांगाडा यांतच इमारतीच्या अंगभूत कार्बनचा फार मोठा भाग अडकलेला असतो, आणि पाडताना तो राडारोडा होऊन डंपरमधून जातो. कॉलमना जॅकेटिंग करून, बाहेरचा जिना आणि लिफ्ट जोडून आणखी पंचवीस वर्षे काढता येतील का, हा पर्याय सर्वसाधारण सभेपुढे निदान आकड्यांसह यावा. माझा आग्रह एवढाच आहे. तो पर्याय प्रत्येक वेळी जिंकेल असे नाही. समुद्राजवळच्या इमारतींत क्षारांनी सळई इतकी खाल्लेली असते की पाडणेच शहाणपणाचे ठरते.

वापरातल्या कार्बनवर आपल्याकडे कायद्याचे काम जुने आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, व्यावसायिक इमारतींसाठीची संहिता २००७ ची, निवासी इमारतींच्या भिंती-खिडक्यांसाठीची इको निवास संहिता २०१८ ची. २०२२ च्या दुरुस्तीने कार्बन-बाजाराची तरतूद आली आणि २०२३ मध्ये त्याची योजना अधिसूचित झाली. तपशील पुढे येतीलच. इथे फक्त काळाचा मुद्दा नोंदवतो. ग्रिडमध्ये सूर्य-वाऱ्याची वीज वाढेल तसा इमारतीच्या एका युनिटामागचा कार्बन घटत जाईल. सिमेंटमधून जे आज बाहेर पडले, ते पडून गेले. त्यामुळे येत्या वीस वर्षांत अंगभूत कार्बनचे पारडे आपोआप जड होणार आहे. म्हणून एसीकडे दुर्लक्ष करा असा अर्थ कुणी काढू नये. विदर्भात पश्चिमेला काचेची भिंत उभी करून तिला हरित इमारतीची पाटी लावणे हा मला शुद्ध वेडेपणा वाटतो, पाटी कोणत्याही संस्थेची असो.

जुन्या बांधकामाविषयीही एक खुलासा करतो, कारण व्याख्यानानंतर हमखास तो प्रश्न येतो. वाड्याच्या जाड मातीच्या भिंती उन्हाळ्यात गार असत आणि चुना सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो, दोन्ही खरे. पण चुना भाजायला जाळलेले लाकूड त्या हिशेबात धरावे लागते, आणि आजच्या शहरात सात मजले मातीत बांधणे व्यवहार्य नाही. काँक्रीटही हळूहळू कार्बन डायऑक्साइड शोषते. मात्र तो सळईपर्यंत पोहोचला की काँक्रीटचे अल्कलीपण जाते आणि गंज सुरू होतो, म्हणून त्याला फायदा म्हणून मिरवू नये. जुन्यातून घेण्यासारख्या रीती मात्र आहेत. लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेला रॅट-ट्रॅप बाँड तशीच विटांची भिंत सुमारे पाऊण विटांत उभी करतो, आणि आतल्या पोकळीमुळे ती उष्णताही कमी आत सोडते. तो शिकायला गवंड्याला काही दिवस पुरतात. अडते ते इंजिनिअरच्या सहीवर.

आकड्यांच्या बाबतीत वाचकाने कडक राहावे. कुठल्याही दाव्यात हद्द आधी विचारावी. युरोपीय मानक ईएन १५९७८ मध्ये इमारतीच्या आयुष्याचे टप्पे अक्षरांनी पाडले आहेत: ए-१ ते ए-३ कारखान्याच्या दारापर्यंत, ए-४ वाहतूक, ए-५ बांधकाम, बी वापर आणि दुरुस्ती, सी पाडणे. ‘तीस टक्के कमी कार्बन’ असे कुणी म्हणाले, तर कोणत्या अक्षरांत आणि कशाच्या तुलनेत हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. भारतीय मालासाठी आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने २०१७ मध्ये गुणांकांचा एक संच प्रसिद्ध केला. कारखान्याचे स्वतःचे पर्यावरण-घोषणापत्र मिळाले, तर ते त्याहून बरे. ते नसेल तर संचातला आकडा घ्यावा, घेतला असे स्पष्ट लिहावे आणि कामाला लागावे. दशांशचिन्हानंतर तीन आकडे देणाऱ्या अहवालांवर माझा विश्वास कमीच आहे. दोन मजली शाळेच्या अंदाजपत्रकात सिमेंट, सळई, वीट किंवा ब्लॉक आणि डिझेल या चार ओळी नीट भरल्या, तरी कुठे हात घालायचा ते कळते.

पुढची प्रकरणे हेच लक्षात ठेवून लावली आहेत. पहिल्यात अशाच एका शाळेचे अंदाजपत्रक दरसूचीसह घेतले आहे आणि शेजारी रिकामा रकाना ठेवला आहे. वाचकाने तो स्वतः भरावा, उत्तरे दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी आहेत. रस्ते आणि पुलांची प्रकरणे ज्यांना लगेच हवीत त्यांनी सिमेंटचे प्रकरण वाचून थेट तिकडे जायला हरकत नाही. पाणी, जंगल आणि विस्थापन यांचा हिशेब या पुस्तकात नाही. कमी कार्बनचे धरण चांगले धरण असतेच असे नाही, आणि त्या वादासाठी लागणारी साधने वेगळी आहेत.