बॉटमधली वेठ

1920 साली चेक लेखक कारेल चापेक आपल्या नव्या नाटकातल्या कृत्रिम मजुरांसाठी नाव शोधत होता. ‘लाबोरी’ सुचलं होतं, पण ते त्याला फार पुस्तकी वाटलं. भाऊ योसेफ चित्रकार. तो फलकासमोर काम करत होता, तोंडात कुंचला. रोबोट म्हण, असं तो तसाच पुटपुटला. आपोआप काम करणाऱ्या संगणक-प्रोग्रामला म्हणतात तो ‘बॉट’ म्हणजे त्याच शब्दाचं शेपूट.

चेकमध्ये ‘रोबोता’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर सक्तीनं, फुकट राबणं. आपली वेठच. 1848 पर्यंत बोहेमियातल्या, म्हणजे चेक मुलखातल्या, कुळांना ती चुकली नाही. ज्याच्याकडे जनावरं असत, त्यानं ती घेऊन यायचं. नसतील तर नुसत्या हातांनी राबायचं. आपली ‘वेठ’ आली संस्कृत ‘विष्टि’वरून. विदर्भातल्या वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाला विष्टी माफ केल्याचं कोरलेलं आढळतं. माफी कोरून द्यावी लागते, यावरूनच इतर गावांचे हाल कळावेत.

‘रोबोता’च्या मुळाशी गुलामासाठीचा जुना स्लाव्ह शब्द आहे, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं ग्रीकमधल्या ‘अनाथ’ या अर्थाच्या शब्दाशी आणि संस्कृत ‘अर्भ’शी जोडतात. म्हणजे आपलं अर्भक आणि रोबोट एका घरचे! ज्या पोराला वाली नाही, ते दुसऱ्याच्या कामाला जुंपलं जातं. शब्दांच्या इतिहासात इतकं जिव्हारी लागणारं नातं मला क्वचितच भेटलं.

बॉट जो कचरा पसरवतात, त्या ‘स्पॅम’ची कथा छोटी. 1937 पासून अमेरिकेत विकलं जाणारं डबाबंद मांस. 1970 मध्ये मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींनी एका उपाहारगृहाच्या प्रसंगात त्याच्या नावाचा असा गजर केला की बाकीचं बोलणं ऐकूच येईना. नको असलेल्या संदेशांच्या लोंढ्याला तेच नाव चिकटलं.

स्पॅम पसरवणारे बॉट अनेकदा परक्या संगणकांत शिरून काम करतात. मार्च 2011 मध्ये रस्टॉक नावाचं अशा संगणकांचं जाळं बंद पाडलं, तेव्हा त्यात सुमारे दहा लाख संगणक असावेत असा अंदाज होता. मालकांना पत्ताच नव्हता. वीज त्यांची, इंटरनेटचं बिल त्यांचं, पीक दुसऱ्याचं. बोहेमियातला शेतकरी स्वतःचे बैल हाकत जमीनदाराच्या बांधावर जायचा, तसंच. अशा संगणकाला तंत्रज्ञ ‘झोम्बी’ म्हणतात. मराठी माणसाला त्यात फक्त सिनेमातलं चालतं प्रेत दिसतं. ‘वेठीचा संगणक’ म्हणून पाहा. लगेच विचारावंसं वाटतं, कुणाच्या वेठीला?