संततिनियमन आणि लैंगिक नीतिकल्पना

संभोग आणि अपत्यप्राप्ती यांची हेतुपुरस्सर फारकत करण्याच्या प्रयत्नांस संततिनियमन म्हणतात. असे प्रयत्न प्राचीन काळापासून होत आले असले, तरी त्यांना सार्वजनिक वादाचे स्वरूप एकोणिसाव्या शतकातच प्राप्त झाले. या वादाचा इतिहास केवळ वैद्यकाचा वा लोकसंख्याशास्त्राचा नाही. कामसुख हे स्वतःच इष्ट मानावयाचे काय, ते विवाहित दांपत्यापुरते मर्यादित असावे काय, स्त्रीला कामेच्छा असते काय आणि असल्यास ती बोलून दाखविण्याचा तिला अधिकार आहे काय, या प्रश्नांना निरनिराळ्या समाजांनी दिलेली उत्तरे गर्भनिरोधक साधनांविषयीच्या कायद्यांतून उघड झाली. हॉलंडमधील गरीब स्त्रीला दवाखान्यात विनामूल्य मिळणारी रबरी टोपी अमेरिकेत टपालाने पाठविणे हा गुन्हा होता, यात साधनाचा गुणदोष कोणताच नव्हता.

इंग्लंडमध्ये फ्रान्सिस प्लेस याने १८२३ साली कामगारवस्तीत गर्भनिरोधाची माहिती देणारी हस्तपत्रके वाटली. अमेरिकेत चार्ल्‌स नोल्टन या मॅसॅचूसेट्समधील वैद्याने १८३२ मध्ये याच विषयावर एक लहान पुस्तक लिहिले व त्याबद्दल त्याला तीन महिने सक्तमजुरी भोगावी लागली. हेच पुस्तक चार्ल्‌स ब्रॅडलॉ आणि ॲनी बेझंट यांनी लंडनमध्ये १८७७ साली मुद्दाम पुनर्मुद्रित करून खटला ओढवून घेतला. पुस्तक नीतिभ्रष्ट करणारे आहे, परंतु प्रकाशकांचा हेतू भ्रष्ट नाही, असा चमत्कारिक निर्णय ज्यूरीने दिला. दोघांना झालेली सहा महिने कारावास व दोनशे पौंड दंडाची शिक्षा पुढील वर्षी आरोपपत्रातील तांत्रिक दोषामुळे रद्द झाली. दरम्यान, एरवी वर्षाला हजारभरही न खपणाऱ्या त्या पुस्तकाच्या सव्वा लाखाच्या आसपास प्रती खपल्या. बेझंट यांना मात्र या प्रकरणाची किंमत मोजावी लागली : अशा विचारांची स्त्री मुलीचे संगोपन करण्यास अपात्र आहे, असे ठरवून न्यायालयाने त्यांच्या मुलीचा ताबा १८७८ मध्ये पित्याकडे दिला. पुढे १८९१ साली थिऑसफीच्या प्रभावाखाली बेझंट यांनी आपली जुनी मते सोडून दिली व या विषयावरील स्वतःचे पुस्तकही मागे घेतले. भारतात आलेल्या आणि १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्षा झालेल्या ॲनी बेझंट या संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या उरल्या नव्हत्या, ही गोष्ट अनेकदा दुर्लक्षित राहते.

हॉलंडमध्ये आलेट्टा याकॉप्स (१८५४–१९२९) या पहिल्या डच स्त्री-डॉक्टरने १८८२ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे गरीब स्त्रियांना गर्भनिरोधक टोपी बसवून देण्यास सुरुवात केली. हॉलंडही या बाबतीत सर्वस्वी उदार नव्हता. तेथील १९११ च्या नीतिविषयक कायद्याने अशा साधनांच्या उघड प्रदर्शनावर व विक्रीवर निर्बंध घातले आणि ते १९६९ पर्यंत टिकले. परंतु वैद्यकीय सल्ल्याचे दार तेथे बंद झाले नाही. अमेरिकेत नेमके तेच बंद होते. ॲन्थनी कॉमस्टॉक याच्या प्रेरणेने १८७३ मध्ये संमत झालेल्या संघीय कायद्याने गर्भनिरोधाची साधने व माहिती यांना अश्लील वस्तूंच्या यादीत घातले. मार्गारेट सँगर (१८७९–१९६६) यांनी १९१५ साली हॉलंडमधील दवाखाने पाहिले आणि १६ ऑक्टोबर १९१६ रोजी ब्रुकलिनमध्ये स्वतःचा दवाखाना उघडला. तो थोड्याच दिवसांत पोलिसांनी बंद केला व सँगर यांना तीस दिवसांची शिक्षा झाली. या कायद्याचा डॉक्टरांवरील विळखा १९३६ मध्ये सैल झाला, तो जपानमधून आलेल्या टोप्यांच्या एका जप्त पुडक्यावरून चाललेल्या खटल्यामुळे. कनेक्टिकट राज्यात तर विवाहित दांपत्याने साधनांचा वापर करणे हाच १८७९ च्या कायद्यान्वये गुन्हा होता. सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा १९६५ साली रद्दबातल ठरविला. अविवाहितांना हा अधिकार मिळण्यास १९७२ साल उजाडावे लागले.

फ्रान्सचे उदाहरण याहून विलक्षण आहे. यूरोपात जननप्रमाण घटण्याचा आरंभ अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथेच झाला. म्हणजे कोणत्याही चळवळीवाचून फ्रेंच शेतकरी कुटुंबे संततिनियमन करीत होती. कामविषयक लेखनासंबंधी त्या देशाचा लौकिकही सर्वांस ठाऊक आहे. असे असूनही ३१ जुलै १९२० च्या कायद्याने फ्रान्सने गर्भनिरोधाच्या प्रचारावर आणि साधनांच्या विक्रीवर बंदी घातली. पहिल्या महायुद्धातील तेरा-चौदा लाख मृतांची उणीव भरून काढणे, हा तिचा हेतू होता. पुरुषांची निरोधने मात्र गुप्तरोगप्रतिबंधक म्हणून तिच्यातून वगळण्यात आली. पुरुषाने वेश्यागमनापासून स्वतःचे रक्षण करावे, पण पत्नीने गर्भधारणेपासून स्वतःचे रक्षण करू नये, असा या व्यवस्थेचा अर्थ होत होता. ही बंदी नॉयव्हिर्त यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने डिसेंबर १९६७ मध्ये उठली.

धर्मसंस्थांची भूमिका एकसारखी राहिली नाही. अँग्लिकन धर्मगुरूंच्या १९३० च्या लँबेथ परिषदेने विवाहितांना काही मर्यादांसह कृत्रिम साधनांची मोकळीक दिली. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी पोप अकरावे पायस यांनी अशा साधनांचा निषेध करणारे पत्र प्रसृत केले आणि सहावे पॉल यांनी १९६८ साली तीच भूमिका कायम ठेवली. आयर्लंडमध्ये साधनांची विक्री व आयात यांवर १९३५ पासून बंदी होती. गोळ्या मात्र ‘मासिक पाळी नियमित करणारे औषध’ म्हणून मिळत. मे १९७१ मध्ये डब्लिनच्या काही स्त्रिया आगगाडीने बेलफास्टला गेल्या आणि तेथे घेतलेली साधने परतताना स्थानकावरील जकात अधिकाऱ्यांसमोर उघडपणे मिरविली. अधिकाऱ्यांनी त्यांना अडविले नाही. पुन्हा गर्भधारणा झाल्यास जिवाला धोका आहे, असे डॉक्टरांनी बजावलेल्या चार मुलांच्या एका मातेचे टपालाने मागविलेले साधन जप्त झाले, तेव्हा ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली व १९७३ मध्ये जिंकली. तरीही १९७९ च्या कायद्याने निरोधनासाठीसुद्धा डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक केली. अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी ही अट १९८५ मध्ये गेली.

धर्म समान असला म्हणजे धोरण समान असते, असे मात्र नाही. इराणमध्ये १९७९ च्या क्रांतीनंतर मागे पडलेला कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम १९८९ मध्ये धर्मगुरूंच्याच संमतीने पुन्हा सुरू झाला आणि विवाहापूर्वी वधूवरांना गर्भनिरोधाचे वर्ग सक्तीचे झाले. २०२१ च्या कायद्याने त्याच राजवटीने या सेवा पुन्हा आखडत्या घेतल्या. निधर्मी राजवटींचे वर्तनही असेच दुटप्पी आढळते. सोव्हिएट रशियाने गर्भपात १९२० साली कायदेशीर केला, १९३६ मध्ये त्यावर बंदी घातली व १९५५ मध्ये ती उठविली. रूमानियात १९६६ च्या हुकूमनाम्यानंतर जन्मांची वार्षिक संख्या पावणेतीन लाखांवरून एका वर्षात सव्वापाच लाखांवर गेली आणि बेकायदा गर्भपातात हजारो स्त्रिया मृत्यू पावल्या. जपानने १९२२ साली सँगर यांना सार्वजनिक व्याख्यानात संततिनियमनाचा उल्लेख न करण्याच्या अटीवर प्रवेश दिला. १९४८–४९ च्या कायद्यांनी मात्र आर्थिक कारणासाठीही गर्भपातास मुभा दिली. त्या देशात कमी मात्रेच्या गर्भनिरोधक गोळीला परवानगी मिळण्यास जून १९९९ पर्यंत थांबावे लागले. पुरुषांच्या नपुंसकत्वावरील नव्या गोळीला तेथे त्याच वर्षी जानेवारीत, अर्ज केल्यापासून सुमारे सहा महिन्यांतच, संमती मिळाली होती. जपानी स्त्रियांनी यावर केलेली टीका सर्वस्वी रास्त होती.

भारतात या चळवळीचे एक आद्य केंद्र मुंबई हे होते. मारी स्टोप्स यांनी लंडनमध्ये १९२१ साली दवाखाना उघडला, त्याच वर्षी रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. ते विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. या कार्यापायी १९२५ मध्ये त्यांना ती नोकरी सोडावी लागली. त्यांनी स्वतःवर निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया करून घेतली. पत्नी मालतीबाई यांची त्यांना साथ होती. जुलै १९२७ पासून त्यांनी *समाजस्वास्थ्य* हे मासिक काढले व ते मृत्यूपर्यंत चालविले. स्टोप्स यांची भूमिका विवाहाच्या चौकटीतील सुखाची होती. कर्वे त्या चौकटीच्या बाहेर गेले. कामतृप्ती ही शरीराची गरज आहे, ती स्त्रीलाही पुरुषाइतकीच आहे आणि गर्भाचे भय दूर झाल्यास स्त्रीच्या स्वातंत्र्यातील मोठा अडसर दूर होईल, हा त्यांच्या लेखनाचा गाभा होय. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असलेल्या धोंडो केशव कर्वे यांच्या या पुत्रापासून सुधारकही अंतर राखून राहिले. मासिकाच्या मुखपृष्ठावरील नग्न चित्रांमुळे विरोधकांना आयतेच निमित्त मिळाले, हेही खरे.

मासिकावर १९३१ मध्ये अश्लीलतेचा पहिला खटला होऊन कर्वे यांना शंभर रुपये दंड झाला. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये चाललेल्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. केवळ विषय लैंगिक आहे म्हणून लेखन अश्लील ठरत नाही, हा बचावाचा मुख्य मुद्दा न्यायालयाने मानला नाही व दोनशे रुपये दंड केला. नोव्हेंबर १९३८ मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा प्रस्ताव मांडला. तो मोठ्या बहुमताने फेटाळला गेला. म्हैसूर संस्थानाने मात्र १९३० मध्येच सरकारी केंद्रे उघडण्याचा निर्णय घेतला होता. डिसेंबर १९३५ मध्ये सँगर वर्ध्यास महात्मा गांधींना भेटल्या. अपत्यसंख्या मर्यादित असावी, याविषयी दोघांत मतभेद नव्हता. परंतु गांधीजींच्या दृष्टीने त्याचा मार्ग संयम हाच होता आणि अपत्येच्छेवाचून केलेला संभोग त्यांना वासनाच वाटे. पतीला नकार देण्यास स्त्रियांनी शिकावे, हा त्यांचा उपदेश होता. नकार मानला गेला नाही तर काय, याचे उत्तर सँगर यांना मिळाले नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली शासकीय कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम स्वीकारणारा भारत हा पहिला देश ठरला. प्रारंभी आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या आग्रहामुळे भर ‘सुरक्षित काळा’च्या पद्धतीवर होता आणि दिवस मोजण्यासाठी ग्रामीण स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या. तो प्रयोग फसला. पुढे लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर आला व १९६८ पासून पंधरा पैशांत तीन ‘निरोध’ मिळू लागले. ज्या शब्दांसाठी कर्व्यांना दंड झाला, ते सरकारी भित्तिपत्रकांवर झळकले. पण त्यांतून कामसुखाचा विचार पूर्णपणे गळाला होता. कुटुंब लहान असावे ते राष्ट्रासाठी, हेच एक कारण उरले. आणीबाणीत या विचाराचे टोक गाठले गेले. १९७६-७७ या एका वर्षात सुमारे ८२ लाख निर्बीजीकरणे झाली. त्यांतील बहुसंख्य पुरुषांची होती. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये तीन अपत्यांनंतर निर्बीजीकरण सक्तीचे करणारे विधेयकही संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. १९७७ च्या निवडणुकीनंतर पुरुषांच्या शस्त्रक्रियेचे नाव काढणे राजकीय पक्षांना धोक्याचे वाटू लागले आणि कार्यक्रमाचा सारा भार स्त्रियांकडे वळला. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांनी निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया करून घेतली होती. पतीच्या शस्त्रक्रियेवर विसंबणाऱ्यांचे प्रमाण ०.३ टक्के होते. शाळांतील लैंगिक शिक्षणाचा अभ्यासक्रम महाराष्ट्र शासनाने २००७ मध्ये विधिमंडळातील विरोधामुळे स्थगित केला, तेव्हा *समाजस्वास्थ्य*चा पहिला अंक निघून ऐंशी वर्षे होत आली होती.