खानदेशातील कमावती आई

खानदेशात आईने घराबाहेर जाऊन कमावणे ही काही नोकरीच्या जमान्याने आणलेली गोष्ट नाही. जळगाव आणि धुळे हे दोन जिल्हे 1906 पर्यंत मिळून एकच खानदेश जिल्हा होते. या मुलखाचे मुख्य नगदी पीक कापूस, आणि कापसाची निंदणी व वेचणी ही पूर्वापार बायांची कामे. निंदणी पावसाळ्यात, वेचणी दसऱ्यापासून पौषापर्यंत. म्हणजे वर्षातले कितीतरी महिने कष्टकरी घरांतल्या आया दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत रानात. शाळा, दवाखाने आणि कचेऱ्यांत नोकरी करणारी आई ही या परंपरेतली सर्वांत धाकटी. गेल्या दीडशे वर्षांत कामाचे ठिकाण बदलले, तास बदलले, आणि त्या तासांत तान्हे मूल कोणी सांभाळायचे ही सोयही बदलत गेली. पहिल्या दोन गोष्टी मालक, मुकादम आणि सरकार यांनी ठरवल्या. तिसरी बहुतेक वेळा घरावर सोडली गेली, आणि घराने ती थोरल्या मुलीवर सोडली.

शेतावरच्या आईचा दिवस शेतावर सुरू होत नसे. पहाटे जात्यावर दळण, मग विहिरीचे पाणी, गोठा, भाकरी आणि त्यानंतर रान. घरात सासू असेल तर रांगते मूल तिच्याजवळ राही. अंगावर पिणारे मूल मात्र आईबरोबर जाई. बांधावरच्या बाभळीला किंवा निंबाला लुगड्याची झोळी बांधायची, सात-आठ वर्षांच्या पोरीला दोरी हलवायला बसवायचे आणि पोर रडून थकले की मुकादमाची नजर चुकवून पाजून यायचे, ही रीत मोलमजुरीच्या घरांत पिढ्यान्पिढ्या चालली. वेचणीची मजुरी वजनावर मिळत असल्याने पाजण्यात गेलेला वेळ आईच्याच मजुरीतून वजा होई. सालदाराच्या बायकोची स्थिती आणखी अडचणीची. साल नवऱ्याच्या नावावर ठरे, पण मालकाच्या गोठ्याची झाडलोट, शेणगोठा हे तिनेही करावे असे गृहीत असे, आणि त्याची वेगळी मजुरी क्वचितच मिळे.

या दिवसक्रमात सर्वांत मोठी सुटका कोणत्या सुधारकाने नव्हे, तर पिठाच्या गिरणीने केली. आधी तेलाच्या इंजिनावर आणि पुढे विजेवर चालणारी गिरणी गावात आली तशी पहाटेची दळणाची वेळ सुटली. स्त्रियांच्या इतिहासात या यंत्राला मिळायला हवी तेवढी जागा अजून मिळालेली नाही.

खानदेशातल्या कष्टकरी आईचे सर्वांत तपशीलवार चित्र कोणत्याही सरकारी अहवालात नाही. ते बहिणाबाई चौधरी यांच्या आयुष्यात आणि कवितेत आहे. जळगावजवळच्या असोदे गावी महाजनांच्या घरात 1880 साली त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरी कुटुंबात आल्या आणि तिशीत विधवा झाल्या. पदरात ओंकार, सोपान आणि काशी ही तीन मुले. प्लेगच्या साथीत ओंकारला कायमचे अपंगत्व आले. घर, शेत आणि आजारी मूल या तिन्हींचा भार एकाच बाईवर पडल्यावर काय होते, याचे हे उदाहरण कोणत्याही प्रश्नावलीत बसवायला अवघड आहे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. दळताना, शेतात राबताना त्या कविता रचत, आणि त्यांतल्या काही मुलगा सोपानदेव यांनी व एका आप्ताने टिपून ठेवल्या. त्यांच्या निधनानंतर 1952 साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. घरातले काम, रानातले काम आणि मुलांचे संगोपन हे त्या कवितेत तीन निराळे विषय नाहीत. पुढच्या काळात समाजशास्त्राने ‘दुहेरी भूमिका’ असे जे नाव दिले, त्यातली दुहेरी ही कल्पनाच या जगण्याला परकी आहे. इथे आई एका भूमिकेतून दुसरीत शिरत नाही. मूल काखेत असतानाच विळा चालतो. बहिणाबाई स्वतःच्या घरच्या शेतीत राबत होत्या हेही विसरून चालत नाही. दुसऱ्याच्या बांधावर मूल निजवणाऱ्या बाईला तेवढीही मोकळीक नव्हती.

रानातून कारखान्यात जाण्याची वाटही कापसानेच काढली. अमेरिकेतल्या यादवीमुळे (1861–65) मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे खानदेशात आली, भुसावळ जंक्शन झाले आणि जळगाव कापसाची मोठी पेठ बनले. पाठोपाठ वाफेवर चालणारे जिन आणि प्रेस उभे राहिले. सरकी आणि रुई वेगळी करण्याच्या रेच्यांवर प्रामुख्याने बाया बसत. हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यात संपे, आणि त्या काही महिन्यांत मालकाला वर्षाचा नफा काढायचा असे.

1884–85 च्या मुंबई कारखाना आयोगापुढे खानदेशातल्या जिनांविषयी ज्या साक्षी झाल्या, त्या आजही वाचवत नाहीत. पहाटे चारला दरवाजे उघडत आणि काम रात्री दहापर्यंत चाले. मजुरी तीन-चार आणे. ऐन हंगामात तीच माणसे आठ-आठ दिवस रात्रंदिवस कामावर ठेवली जात. जिनात बसलेल्या आईसाठी याचा अर्थ सरळ होता: तान्हे मूल कापसाच्या धुळीत तिच्या शेजारी, किंवा घरी दुसऱ्या पोराच्या हवाली. रानातली झोळी निदान मोकळ्या हवेत होती.

हे थांबवायला कायदा नव्हता असे नाही. पण 1881 चा पहिला कारखाने कायदा शंभरांहून कमी कामगारांच्या आणि वर्षात चार महिन्यांहून अधिक न चालणाऱ्या कारखान्यांना लागूच नव्हता. खानदेशातले कितीतरी जिन याच फटीतून सुटले. 1891 च्या दुरुस्तीने स्त्रियांचे काम दिवसाला अकरा तासांवर आणले आणि मध्ये दीड तास विश्रांती सांगितली. तपासनीस मात्र मूठभर आणि जिन तालुकोतालुकी विखुरलेले. त्यामुळे मुंबई-अहमदाबादच्या गिरणीत जो नियम पाळला जाई, तो चोपड्याच्या किंवा पाचोऱ्याच्या जिनापर्यंत पोचेलच याची खात्री नव्हती.

सूत व कापडाच्या गिरण्यांत हंगामी काम नव्हते, आणि म्हणून तिथल्या आईचा प्रश्नही वेगळा झाला. जळगावला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच गिरणी उभी राहिली. पुढे अमळनेरला प्रताप शेठ यांची गिरणी आली आणि धुळे व चाळीसगावलाही गिरण्या झाल्या. बाया मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत असत. वर्षभर, रोज, भोंग्यावर कामाला जायचे म्हटल्यावर तान्ह्याला घरी गुंगवून ठेवण्याची वाईट रीत शहरांत रुजली. मुंबईच्या गिरणवस्तीत अफू घातलेली बाळगोळी सर्रास दिली जात असल्याचे 1922 च्या सुमारास डॉ. बार्न्स यांच्या पाहणीत नोंदले गेले, आणि 1929 साली नेमलेल्या कामगारविषयक व्हिटली आयोगानेही या चालीची दखल घेतली. आईला दोष देण्याआधी तिच्यापुढे दुसरी कोणती सोय होती हे पाहिले, तर दोष बराचसा गिरणीच्या दारात जातो.

प्रसूती हा मालकाचाही विषय आहे, ही कल्पना कायद्यात आणायला मुंबई इलाखा पहिला. ना. म. जोशी यांनी 1924 मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात आणलेले विधेयक फेटाळले गेले होते. मुंबई विधिमंडळात आसवले यांच्या विधेयकाला जुलै 1928 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे असल्याने खर्चाचा भार सरकारनेही उचलायला हवा, आणि मालक बाईच्या कामाचा फायदा घेत असल्याने त्यानेही काही द्यावे, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. 1929 चा कायदा झाला तेव्हा भार मालकावर ठेवला गेला: बाळंतपणाच्या आधी आणि नंतर मिळून काही आठवडे, रोजी आठ आणे. मालकांनी त्यावर जो उपाय काढला तो अपेक्षितच होता. बाया कमी घ्यायच्या. कायद्यातली सलग काही महिन्यांच्या नोकरीची अट जिनातल्या हंगामी बाईला बाहेर ठेवणारीच होती. 1961 च्या केंद्रीय कायद्याने बारा आठवड्यांची रजा दिली आणि वर्षात 160 दिवस कामाची अट घातली. ती 80 दिवसांवर यायला 1988 ची दुरुस्ती लागली. हंगामी कामगार बाईच्या दृष्टीने रजेचे आठवडे वाढण्यापेक्षा ही अट उतरणे अधिक मोलाचे.

पाळणाघराची कथा याला जोडूनच आहे. 1934 च्या कारखाने कायद्याने पन्नासहून अधिक बाया असलेल्या कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली मागण्याचा अधिकार प्रांतांना दिला. 1948 च्या कायद्याने पाळणाघर बंधनकारक केले, आणि 1976 मध्ये बायांची संख्या तीसवर आणली. बाया तीसच ठेवण्याचा मार्ग मालकांना मोकळा होता. शिवाय तोवर गिरण्यांतल्या बायांचे प्रमाण घसरणीला लागले होते, आणि शतक संपेपर्यंत खानदेशातल्या जुन्या गिरण्याच बंद पडल्या.

मधल्या काळात कमावत्या आयांची सर्वांत मोठी गर्दी ना गिरणीत होती ना जिनात. ती खडी फोडण्याच्या आणि बांधबंदिस्तीच्या कामांवर होती. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रभर दुष्काळी कामे निघाली. त्याच सुमारास सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेचा 1977 साली कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. बायांना पुरुषांच्या दराने मजुरी आणि कामावर मुलांसाठी सावली व सांभाळणारी बाई, या दोन्ही गोष्टी योजनेत होत्या. पहिली बऱ्याच अंशी मिळाली. दुसरी साइटवरच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहिली, आणि कित्येक ठिकाणी झोळी पुन्हा जवळच्या झाडालाच टांगली गेली.

ऊसतोडीने तर कुटुंबच मजुरीचे एकक केले. धुळे जिल्ह्यातून, त्यात तेव्हा नंदुरबारही होता, दक्षिण गुजरातच्या बार्डोली भागातल्या साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या मजुरांचा अभ्यास डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी 1970 च्या दशकात केला. चाळीसगाव-पारोळ्याकडच्या टोळ्या महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे जात आल्या आहेत. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, ‘कोयत्या’ला मिळते. कोयता म्हणजे गडी आणि बाई अशी जोडी, आणि मोळ्या बांधायला, पोर सांभाळायला हाताशी एखादे मोठे मूल. एकट्या बाईला सहसा उचल नाही आणि एकट्या गड्यालाही नाही. बाईची मजुरी वेगळी मोजली जात नसल्याने ती कमावते आहे हे घरातही सहज नजरेआड होते. बाळंतपणानंतर काही दिवसांतच फडात परतणे हे इथे अपवादाने घडत नाही, कारण उचल आधीच खर्च झालेली असते.

पगारी नोकरी करणारी आई खानदेशच्या गावोगाव दिसू लागली ती 1962 मध्ये जिल्हा परिषदा झाल्यावर. प्राथमिक शिक्षिका, परिचारिका, ग्रामसेविका. 1994 च्या राज्य महिला धोरणाबरोबर सरकारी नोकऱ्यांत 30 टक्के आरक्षण आले आणि ही संख्या वाढली. या वर्गाने अप-डाऊन नावाची स्वतःची जीवनपद्धती घडवली: जळगाव, भुसावळ, धुळे किंवा अमळनेरला बिऱ्हाड, शाळा चाळीस-पन्नास किलोमीटरवर, पहाटे डबे आणि सकाळची एसटी. मूल सासूकडे, माहेरी किंवा गल्लीतल्या एखाद्या मावशींच्या घरगुती पाळणाघरात. त्या मावशीही स्वतः कमावत्या आयाच. एका आईची नोकरी दुसरीच्या कमी पैशांच्या कामावर उभी राहते, हे खानदेशातल्या मध्यमवर्गीय घरांचे उघड गुपित आहे.

अंगणवाडीबाबत हेच सरकारी पातळीवर घडले. एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली, आणि हळूहळू प्रत्येक गावात सेविका व मदतनीस आल्या. मजूर आईला दिवसातले काही तास तरी मूल सुरक्षित ठेवता आले आणि त्याच्या पोटात काही गेले, हा लाभ मोठा आहे. पण सेविका कर्मचारी नव्हे तर मानधनी ठरली. 1961 च्या प्रसूती कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा दिली; तिचा लाभ दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांपुरता. शेतमजूर आईच्या वाट्याला त्याच वर्षीच्या मातृवंदना योजनेतले पहिल्या मुलासाठीचे 5,000 रुपये आले.

1990 साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. 2018 पासून त्याला बहिणाबाईंचे नाव आहे. अशा ठिकाणी कमावत्या आया आणि कुटुंबजीवन या विषयावर प्रकल्प हाती घेणाऱ्या विद्यार्थिनीपुढे पहिली अडचण मोजणीची येते. ‘आपण नोकरी करता का?’ या प्रश्नाला वेचणीवरून परतलेली बाई ‘नाही, घरीच असते’ असे उत्तर देते. जनगणनेचीही हीच गत झाली आहे. 1971 मध्ये मुख्य व्यवसाय काय एवढेच विचारल्यावर देशातल्या कष्टकरी स्त्रियांची संख्या 1961 च्या मानाने एकदम घसरली. बाया घरी बसल्या नव्हत्या, व्याख्या बदलली होती. 1981 पासून मुख्य आणि सीमांतिक असे दोन गट केल्यावर त्यांतल्या बऱ्याच जणी पुन्हा दिसू लागल्या. काम विचारण्यापेक्षा तास विचारणे बरे. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे देतात आणि पुरुष 97, असे दिसले. पुरुषांचा आकडा ते काम करणाऱ्यांपुरताच आहे, आणि तसे पुरुष थोडेच. वेचणीच्या हंगामात खानदेशातल्या एखाद्या गावी अशी मोजणी केली, तर आणखी एक रकाना घालावा लागेल: थोरल्या मुलीचे तास.

तो रकाना रिकामा व्हावा म्हणून एक उपाय सरकारने गेल्या काही वर्षांत केला आहे. आईबाप ऊसतोडीला गेले तरी शाळेच्या वयाची मुले गावातच राहावीत, यासाठी हंगामी वसतिगृहे काढली गेली. मुलगी गावी राहिली तर तिची शाळा बुडत नाही. सहा वर्षांखालचे भावंड मात्र आईबरोबर फडावर जाते, आणि तिथे त्याला सांभाळायला पूर्वी जी होती ती बहीण आता नसते.